बिनखिळ्याची खुर्ची

वखारवाल्यानं माही पटाशी पायानं खाली लोटली. मंग रंधा. मंग करवत. हात लावाचा नव्हता म्हून पाय लावला. वरून लोटाभर पानी ओतून चौरंग धुतला. भरल्या सभेत. माह्यासमोर.

अमरावतीले जुन्या सुतारकामाचं, जुन्या घाटाच्या फर्निचरचं संमेलन भरलं होतं. सागवानाच्या वखारीचा हा मालक स्वागताध्यक्ष. पुन्याचे एक साहेब अध्यक्ष. मले अकोल्याले बोलावनं आलं, का जुन्या पद्धतीची उंच पाठीची खुर्ची करून आना, अन् कशी केली थे लोकाईले सांगा. दोन महिने खपलो, राजेहो! एक खिळा नाई, चिकटवाले सरस नाई. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवाचं अन् वरून लाकडी खुंटी ठोकाची. यष्टीच्या टपावर बांधून नेली. चार लोकाईत उभं राहून एवढंच म्हनाचं होतं, का हे मी केली.

बोलावन्यावर नाव नव्हतं. 'मिस्तरी, अकोला', बस. काम मले एका मुसलमान मिस्तरीनं शिकवलं. थो गेल्यावर दुकान माह्याकडं आलं, अन् त्याच्यासंगं मिस्तरी हे नावही. वखारवाल्याले वाटलं, जातीचा सुतार असंन.

दसऱ्याले करतात तशी हत्याराईची पूजा त्याईनं संमेलनाले ठेवली. नागपूरची दीक्षा घेतली तवापासून मी पूजा सोडलेली. पन त्याईच्या गड्यानं माही हत्यारं मले न इचारताच चौरंगावर मांडली होती.

भटजीनं इचारलं, "मिस्तरी, गोत्र सांगा."

म्या म्हटलं, "गोत्र-फित्र नाई. आमी बौद्ध."

वखारवाला तरातरा आला. "आधी सांगता नाई आलं बे?"

"तुमी इचारलं कवा?"

त्याच्यावर त्यानं पाय उचलला.

म्या खाली वाकून हत्यारं गोळा केली. पटाशीची धार मोडली होती. वखारवाला मले म्हने, तिकडं दाराशी जोड्यापाशी बस. अन् मी बसलो. हो, बसलो! आजही आठवलं का सोताचीच चीड येते. तिथून आयकलं. अध्यक्षसाहेब माह्याच खुर्चीत रेलून, तिच्या हातावर हात फिरवत बोलून राहिले होते, "पाहा मंडळी, एकही खिळा नाही. ही आपल्या पूर्वजांची विद्या!" टाळ्या.

कोनाच्या पूर्वजाईची? हत्यार बाटते अन् खुर्ची चालते! माही तळपायाची आग मस्तकात गेली. हातोडी घेतली अन् सरळ वर गेलो.

"साहेब, उठा."

"का?"

"खुर्ची माही हाय. नेऊन राहिलो."

वखारवाला वरडला, "माजला काय बे!" म्या त्याच्याकडं पाह्यलंही नाई. साहेब हातोडीकडं पाहून उठले. म्या खुर्ची आडवी केली अन् पहिली खुंटी ठोकून काढली. पाठ सुटली. ते वर उचलून म्हटलं, "हे पाठ. हे मी केली." मंग हात. "हा मी केला." मंग एक एक पाय. रागानं रडू येत होतं, पन आवाज खनखनीत होता. माहं भाषन ठरलं होतं ना? झालं मंग माहं भाषन. सगळी लाकडं सुतळीनं बांधली, खांद्यावर घेतली अन् निघालो. कोनी अडवलं नाई.

आठ दिवसानं वखारवाल्याचा मानूस अकोल्याले आला. "झालं गेलं सोडा, मिस्तरी. साहेबाईले खुर्ची लय आवडली. देऊन टाका."

म्या त्याले घरात नेलं. माही माय म्या परत जोडलेल्या त्याच खुर्चीत बसून तांदूळ निवडून राहिली होती. जन्मभर लोकाईच्या अंगनात भुईवर बसलेली बाई. पाहुना पाहून ते सवयीनं उठाले लागली. म्या तिच्या खांद्यावर हात ठेवून तिले खाली बसवलं.

"तुह्या मालकाले सांग," म्या म्हटलं, "खुर्चीवर मानूस बसलेलं हाय. अन् थे आता कोनासाठी उठनार नाई."