सर्जेरावशेठना दिलेला निरोप

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मधेच ठसका लागला तर मलाच बोल लावाल. लोक पाय घसरून पडतात, मी जीभ घसरून पडलो. आणि नुसता पडलो असतो तर काय बिघडत होतं? अख्ख्या फुटबॉल क्लबला घेऊन पडलो!

पंचाण्णवच्या आसपासची गोष्ट. मी नेरूळला नवीनच राहायला आलेलो. शिरवण्याच्या बाजूला एका कंपनीत स्टोअरला नोकरी. इमारती नव्या, रस्ते नवे, समोरच्या दारात कोण राहतं ते माहीत नाही. ओळखी झाल्या त्या खाडीकडच्या मैदानावर. तिथे आमचा खाडीवीर फुटबॉल क्लब होता. नाव मोठं, पण दोन्ही गोलांच्या जाळ्या मच्छीमारांकडून मागून आणलेल्या. तरी दर रविवारी बांधावर शे-दोनशे माणसं हजर. मीही त्यातलाच एक. घशाच्या शिरा ताणून ओरडायचो.

क्लबचे अध्यक्ष सर्जेरावशेठ. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले मोठे व्यापारी, मूळचे साताऱ्याकडचे. माणूस वाईट होता असं नाही, पण फुटबॉलला हात लावला तर फाऊल होतो एवढंच त्यांना माहीत. पोरांना वर्षानुवर्षं फुकट शिकवणाऱ्या कोचना त्यांनी एका दिवसात घरी बसवलं. मग स्वतःच्या भाच्याला गोलकीपर केलं. हा भाचा बॉल आला की डोळे मिटायचा. देवाला नमस्कार करतो तसे, अगदी भक्तिभावाने!

तेही आम्ही गिळलं. पण एका शनिवारी संध्याकाळी कमिटीने ठराव केला की मैदान लग्नाच्या लॉनसाठी भाड्याने द्यायचं. झालं! त्याच रात्री आम्ही सगळे हरीदादाच्या ओट्यावर जमलो.

हरीदादा शिरवण्याचा. एकेकाळचा जबरदस्त डिफेंडर, आता केस पांढरे, पण शब्दाला वजन. तो म्हणाला, "जमीन गेली, मिठागरा गेली. आता खेलाचा मैदानबी द्याचा? नाय जमाचा. पन ऐका, मारामारी नाय कराची. एक दगड उडाला ना, तर शेट बोलंल, बगा, ही गुंडांची टोली हाय. पोलीस मैदानाला टाला लावतील."

ठरलं असं, की उद्याच्या मॅचला सगळ्यांनी दंडाला काळी फीत बांधायची. शिट्टी वाजली की उठायचं, मैदानाकडे पाठ करायची आणि मॅच संपेपर्यंत तसंच उभं राहायचं. तोंडातून चकार शब्द नाही. काहीही होवो, मौन!

"आनि कुनी इचारला तर?" एकाने विचारलं.

हरीदादाने माझ्याकडे बोट केलं. "संजू बोलंल. येकटा संजू. त्याची जीब चालतं."

चालायचीच! सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन मीच करायचो ना. साधं 'बसून घ्या' म्हणायचं असेल तरी 'आसनस्थ व्हावे' म्हणणारा माणूस मी.

"पन गोड बोल हां," हरीदादा म्हणाला. "शेटच्या नावान वाकडा शबूद नको."

गोड बोलायचं! हे काय सांगायला हवं मला?

रविवारी दुपारी उरणच्या टीमबरोबर सेमीफायनल. बांधावर माणूस मावत नव्हता. रेफरीची शिट्टी वाजली आणि एका क्षणात दोनशे माणसं उठली आणि वळली. ओरडा नाही, घोषणा नाही. मैदानावर बॉलला लाथ बसल्याचा आवाज तेवढा येत होता. खेळणारी पोरंसुद्धा थबकली.

तेवढ्यात बंदोबस्ताचे हवालदार बांध चढून आले. सगळ्यांना विचारत आले, पण कोण बोलणार? एकेक जण माझ्याकडे बोट दाखवत गेला. हवालदार माझ्यासमोर उभे राहिले. हातात काठी.

"काय वं, कसल्या काळ्या फिती ह्या?"

मी घसा खाकरला. "साहेब, आज आम्ही सर्जेरावशेठना निरोप द्यायला जमलोय. अत्यंत शांतपणे."

"शेठना? निरोप?"

"हो. फार ताणलं गेलं. आता ते सुटावेत आणि आम्हीही सुटावं, एवढीच इच्छा."

हवालदारांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, वा, पोलिसांनासुद्धा पटतंय! मला आणखीच स्फुरण चढलं.

"आवं, पण परवा बघितलं मी त्येंला. चांगले धडधाकट हुते की!"

"बाहेरून दिसायचं तसं. आतून सगळं पोखरलेलं होतं. आमच्या लेखी तर ते कालच संपले."

"काल?"

"काल संध्याकाळी."

कारण ठराव काल संध्याकाळी झाला होता! हे पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं हो. पण हवालदारांनी टोपी काढून काखेत धरली, "अरारारा" म्हणाले आणि झपाझपा खाली उतरलेसुद्धा. मला वाटलं, आपल्या मागणीपुढे टोपी काढली! आता सांगा, असं वाटायला किती अक्कल गहाण टाकावी लागते?

बघतो तर हवालदार टपरीवरच्या पिवळ्या फोनपाशी गेले. मग रेफरीकडे. रेफरीने मॅच थांबवली. दोन्ही टीम मधल्या रेषेवर ओळीने उभ्या राहिल्या, माना खाली घालून.

बाकीच्यांची पाठ होती, त्यांना काय दिसणार? मी हळूच हरीदादाच्या कानाला लागलो. "दादा, रेफरी आपल्या बाजूने! उरणवालेपण!"

हरीदादा बोलला नाही. पण त्याने खांद्यावरून वळून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

मग उरणचे मॅनेजर बांधावर आले. माझे दोन्ही हात हातात घेतले. "आम्ही तुमच्यासोबत आहोत," म्हणाले आणि आमच्याकडच्या उरलेल्या काळ्या फिती मागून घेऊन गेले. चहावाल्याने टपरीची फळी खाली ओढली. रस्त्यापलीकडच्या दुकानांची शटर एकामागून एक खाली यायला लागली. बंद! आमच्यासाठी नेरूळमध्ये बंद! आणि गोलमध्ये तो भाचा खाली बसून ढसाढसा रडत होता. मला वाटलं, पश्चात्ताप.

मॅच काही पुन्हा सुरू होईना. आम्हीही तसेच उभे. ऊन डोक्यावर, घसे कोरडे, पण माणूस जागचा हलला नाही.

आणि मग ते आले. हायवेच्या बाजूने दोन टेम्पो, पुढे 'कळंबोली' लिहिलेले, मागे माणसंच माणसं. लोखंड बाजारातले हमाल! दिवसभर सळया उचलून ज्यांचे दंड माझ्या मांडीएवढे झालेले, तसली माणसं. शेठची माणसं! टेम्पोचं फाळकं खाडकन पडलं. एकेक जण उड्या मारून उतरला. प्रत्येकाच्या हातात कागदात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी.

"सळया आणल्यात," माझ्या तोंडून निघून गेलं.

हरीदादाने दोन्ही हात खाली दाबले. बसा! आमची माणसं बसली. एकमेकांचे हात घट्ट धरले. कुणी पळालं नाही, कुणी दगड शोधला नाही. माझ्या शेजारच्याचा तळहात घामाने ओला झालेला, का माझाच होता, देव जाणे.

हवालदार त्या घोळक्यापुढे चालत होते. त्यांनी काठीने थेट माझ्याकडे दाखवलं. घोळक्यातला सगळ्यात आडदांड, मिशाळ माणूस माझ्याकडे यायला लागला. बाजारातला मुकादम होता तो. त्याने माझे दोन्ही खांदे धरले. खांदे कसले, माझा सगळा सांगाडाच त्याच्या मुठीत मावला.

"शेठचं सांगनारा तूच का त्यो?"

"हो… पण… शांततेच्या मार्गाने…"

आणि त्या माणसाने माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "देवमानूस गेला वोऽऽ!"

मागे कागद सुटले. सळया कुठल्या? निशिगंधाचे हार होते!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोळ्यांपुढे मात्र अंधार आला. मी हवालदारांकडे पाहिलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मीच कळवलं मार्केटला. म्हनाले शेठ सकाळपास्नं आलेच न्हाईत. घरचा फोनबी कुनी उचलंना. म्हनलं, खरंच हाय मग."

मुकादमाने डोळे पुसले आणि सगळ्या बांधावरून नजर फिरवली. "शेठ म्हनायचे, नेरूळची पोरं माजा राग करत्यात. आज बगा की! उनात बसल्यात, तोंडातनं शब्द फुटंना कुनाच्या. सायेब, दोन शब्द बोला तुमी."

आणि स्कोअर सांगायला ठेवलेला माइक माझ्या हातात!

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? 'शेठ जिवंत आहेत, आम्ही त्यांना हाकलायला जमलोय,' असं सांगायचं? त्या रडणाऱ्या पहिलवानांना? क्षणात ठिणगी पडली असती, आणि मग मारामारी, पोलीस, मैदानाला टाळं. आमच्या माणसांनी एवढा वेळ जे सांभाळलं ते सगळं मातीत. मी ठरवलं, बोलत बोलत हळूहळू गाठ सोडवायची.

"मित्रहो, सर्जेरावशेठ…" माझा आवाज कापत होता. भीतीने हो! पण पुढे बसलेल्यांना वाटलं, गहिवर. "सर्जेरावशेठ यांनी आपल्या क्लबला गोलकीपर दिला. स्वतःच्या रक्ताचा!"

भाच्याने हुंदका दिला.

"दमलेल्या कोचना त्यांनी कायमची विश्रांती दिली. या मैदानावर तर त्यांचा फार डोळा… म्हणजे फार जीव होता!"

गाठ सुटायची राहिली, वाढतच चालली. समोर माणसं रडायला लागली आणि माझ्यातला गणपतीचा सूत्रसंचालक जागा झाला. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती! "असा अध्यक्ष झाला नाही, पुन्हा होणे नाही!" मी हात वर करून गरजलो.

बांधावर आमची माणसं एव्हाना पूर्ण वळून माझ्याकडे बघत होती. तोंडं घट्ट मिटलेली, डोळे एवढे मोठे. हरीदादाच्या गालाची शीर थडथड उडत होती. पण मौन म्हणजे मौन, कुणी बोलेना. निदान एकाने तरी 'ए गाढवा' म्हणावं की नाही?

तेवढ्यात मागून कुणीतरी किंचाळलं. गर्दी दुभंगली. आपल्या पांढऱ्या गाडीपाशी, एक गाल टम्म फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा, असे खुद्द सर्जेरावशेठ उभे!

दाढ काढायला पनवेलला गेले होते. घरची मंडळी गावाला. म्हणून फोन कुणी उचलला नाही. एवढंच!

मुकादम त्यांच्या पायावर कोसळला. हवालदारांनी टोपी घालून सॅल्यूट ठोकला. शेठ संथ चालत माझ्याकडे आले. मी डोळे मिटले, अगदी त्यांच्या भाच्यासारखे. म्हटलं, आता कानाखाली बसणार.

बसली ती मिठी. शेठनी माझ्या हातातून माइक घेतला, बोळा काढून रुमालात ठेवला.

"पोरांनो, आज मी राजीनामा द्यायला आलो होतो."

बांधावर दोनशे माणसांचा श्वास अडकला.

"काल रात्री कुणीतरी फोन केला, शेठ, लोक तुमच्याविरुद्ध उभे राहणारेत. त्या दाताच्या खुर्चीत बसून विचार केला, कुणाला आपण नको असलो तर कशाला चिकटून राहायचं? ठराव मागे घ्यायचा, खुर्ची सोडायची, मोकळं व्हायचं." त्यांचा आवाज भरून आला. "पण इथं येऊन बघतो तर काय? मी गेलो असं समजून तुम्ही काळ्या फिती लावून, मॅच सोडून, मुकाट बसलाय! माझ्या वडलांच्या मयताला एवढी माणसं नव्हती रे! आता कसला राजीनामा? आता मेलो तरी ही खुर्ची सोडत नाही!"

हमालांनी जयजयकार केला. आणलेले हार वाया गेले नाहीत, सगळे शेठच्या गळ्यात पडले. एक माझ्याही.

मी कसाबसा पुटपुटलो, "शेठ… आणि मैदान?"

"मैदान कुठं जातंय? ठराव रद्द! एवढी माया करणाऱ्या पोरांच्या मैदानावर मी लग्नं लावू होय?"

म्हणजे मैदान वाचलं बरं का. पण कोच काही परत आले नाहीत. उरणबरोबरची मॅच पुढच्या रविवारी पुन्हा झाली, भाच्याने नव्या उमेदीने डोळे मिटले आणि आम्ही सहा गोलांनी हरलो.

त्या संध्याकाळी घरी जाताना हरीदादाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "संजू, तुला गोड बोलाला सांगितला व्हता. येवरा गोड?"

मी गळ्यातला हार काढून खिशात कोंबला.

पुढे शेठ वर्षानुवर्षं अध्यक्ष राहिले, दर वेळी बिनविरोध. त्यांच्या प्रत्येक वाढदिवसाला कळंबोलीहून मला न्यायला गाडी यायची. हॉल भरलेला, शेठ पुढच्या रांगेत, डोळे आधीच ओले. माइक हातात देताना ते माझ्या कानाशी वाकून दर वर्षी तेच सांगायचे:

"संजू, त्या दिवशीचंच भाषण कर. अगदी शब्दाला शब्द. फक्त 'होते'च्या जागी तेवढं 'आहेत' म्हण."