धुरपदाबाई आणि अहिराणी समजणारा कुत्रा

भांडण दिवाणखान्यात चाललं होतं आणि धुरपदाबाई मागच्या चोकडीत, म्हणजे मोरीत, भांडी घासत होती. दुसऱ्याच्या घरचं भांडण ऐकू नये हे तिला कळत होतं. पण नळाच्या आवाजात अर्धंमुर्धं कानावर आलं तर माणूस भलतंच समजून बसतो, म्हणून तिनं नळ बंद केला आणि नीट ऐकलं.

मुकुंदसाहेब बँकेत अधिकारी. सुरतेतल्या अडाजणच्या त्या फ्लॅटात पाच वर्षं काढल्यावर त्यांची कलकत्त्याला बदली झाली होती. सामान ट्रकनं जाणार, माणसं विमानानं. उरला कुत्रा. साहेबांचं म्हणणं असं की विमानात कुत्रा न्यायचा म्हणजे छप्पन भानगडी. दाखले आणा, पेटी करा, आणि एवढं करून ऐन वेळी त्यानं गोंधळ घातला तर उतरवून ठेवतील. त्यापेक्षा धुरपदाबाईकडे राहू दे.

"तिनंच वाढवलाय ना त्याला? मी काय रस्त्यावर सोडून देतोय?"

"एकदा सोडून गेलो होतो तेवढं पुरे झालं," सुरेखावहिनी म्हणाल्या. "सायली महिनाभर धड जेवली नव्हती."

"तेव्हा प्लेग होता, सुरेखा."

"आणि आता आळस आहे."

यापुढचं धुरपदाबाईनं ऐकलं नाही. तिनं नळ पुन्हा सोडला आणि घासलेलं पातेलंच परत घासायला घेतलं. धुरपदाबाईकडे राहू दे. एवढे तीन शब्द, मांडीवर पिशवी सांभाळावी तसे सांभाळत ती रिक्षातून कोसाडला घरी गेली.

धुरपदाबाई शिंदखेड्याकडची. लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा तिला अहिराणीशिवाय काही येत नव्हतं. पंचवीस वर्षांनंतरही तिचं म्हणणं होतं की बाकीच्या बोली आपण कामापुरत्या वापरतो, दुसऱ्याची छत्री वापरावी तशा. नवरा सुकदेव कापड मार्केटात पार्सलं बांधायचा, लाकडी खोकी ठोकायचा. दिवसभर तोंडात खिळे धरायची सवय, त्यामुळे घरीही त्याचं तोंड फारसं उघडत नसे. मोठा योगराज सचिन गावच्या कारखान्यात लागला आणि हिंदी बोलायला लागला. धाकटा चेतन गुजराती शाळेत शिकला. आईनं काही विचारलं की म्हणायचा, "मम्मी, सरखुं बोल ने." म्हणजे नीट बोल. आईच्या पोटात असल्यापासून जी बोली ऐकली, ती आता पोराला वाकडी लागत होती.

मग बाईचं ऐकणारं उरलं कोण? तर हा कुत्रा.

कागदोपत्री त्याचं नाव ब्रूनो. प्लेगच्या साली गणपती उठले आणि दोन-तीन दिवसांत सुरत रिकामी व्हायला लागली, तेव्हा तो दोन महिन्यांचं पिल्लू होता. स्टेशनावर माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती, कुत्र्याला कोण विचारतो? वहिनींनी घराची किल्ली आणि पिल्लू धुरपदाबाईच्या हातात दिलं, चार दिवस सांभाळा म्हणाल्या आणि मंडळी पुण्याला गेली. चार दिवसांचे चाळीस झाले. सुकदेवही पोरांना घेऊन गावी गेला. बाईनं सगळ्यांना सांगितलं की गाडीत आपल्याला जागाच मिळाली नाही.

त्या ओसाड इमारतीत, तोंडाला फडकं बांधून, ती आणि पिल्लू अशी दोघंच राहिली. ती भाकरी थापता थापता बोलायची आणि पिल्लू मान वाकडी करून ऐकायचं. रंग भुरकट, म्हणून त्याचं नाव भुऱ्या पडलं. साहेबमंडळी परत आली तेव्हा कुत्रा 'बस' म्हटलं की उभा राहायचा आणि 'कम हिअर' म्हटलं की कान खाजवायचा. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की कुत्रा जरा मंद आहे. मंद कसला? 'बठ' म्हटलं की बसायचा, 'आठे ये' म्हटलं की यायचा, 'मझार जाय' म्हटलं की मुकाट आत जायचा. पण हे सगळं चालायचं मागच्या चोकडीत, आणि चोकडीत घरातलं कोण कशाला येतं?

शेवटी वहिनींचंच चाललं. विमान कंपनीच्या माणसानं फोनवर अटी सांगितल्या. पेटी एवढी हवी की कुत्रा आत उभा राहील आणि वळेल. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा. आणि कुत्रा आत शांत बसला पाहिजे, आदळआपट केली तर विमानाचा कप्तान नाही म्हणू शकतो.

पेटीचं काम सुकदेवकडे आलं. त्यानं एकच प्रश्न विचारला, "माल श्वास घेनारा शे का?" हो म्हटल्यावर त्यानं फळ्यांमध्ये दोन-दोन बोटं फट ठेवली, पुढे जाळीचं दार बसवलं, कडेनं लोखंडी पट्टी ठोकली. सगळं झाल्यावर हाताच्या सवयीनं काळ्या शाईत ब्रश बुडवून मार्का मारला: नग एक. ओलावा लागू देऊ नये. हमालांनी आकडा मारू नये.

आता भुऱ्यानं पेटीत बसायला शिकायचं होतं आणि हातात होते आठ दिवस. साहेबांनी आत बिस्किट टाकलं. वहिनींनी उकडलेलं अंडं ठेवलं. सायली तेव्हा दहा वर्षांची, ती स्वतः रांगत आत जाऊन बसून आली. भुऱ्या दारापर्यंत जायचा, मुंडी आत घालून बिस्किट लांबवायचा आणि मागे फिरायचा. एकदा ढकलून दार लावलं तर त्यानं असा आकांत मांडला की खालच्या मजल्यावरचे काका काय झालं म्हणून वर आले.

धुरपदाबाई फरशी पुसत हे सगळं बघत होती. दोन शब्द टाकले असते तर काम झालं असतं. तिनं टाकले नाहीत. चोकडीतही ती कुत्र्याशी बोलेनाशी झाली, न जाणो कुणाच्या कानावर जायचं. फरशी मात्र त्या आठवड्यात अशी लख्ख झाली की वहिनी म्हणाल्या, घर सोडायच्या वेळेला आरसा करून ठेवलंत की हो. घरी गेल्यावर ती सुकदेवला सांगायची की कुत्र्याला पेटीची हवा काही मानवत नाही. न्हाणीशेजारी कुत्रा बांधायला जागा किती आहे ती तिनं वितीनं मोजली. खोटं ती कुणाशी बोलली नव्हती, गप्प राहिली होती फक्त. पण ताटातली भाकरी सरत नव्हती. गप्प राहायलाही एवढे कष्ट पडतात हे तिला ठाऊक नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी साहेबच म्हणाले, "धुरपदाबाई, तुम्ही विमानतळावर चला. बसला पेटीत तर बसला. नाही तर तुम्ही घेऊन जा."

तिनं पिशवीत नवी सुती दोरी टाकली.

मगदल्ल्याच्या बाजूचा विमानतळ म्हणजे तेव्हा एक बैठी इमारत, थोड्याशा खुर्च्या आणि कुंपणापलीकडे गवतात म्हशी. तिथून लहानसं विमान मुंबईला जायचं, पुढे मोठं धरायचं. धुरपदाबाईनं विमान पहिल्यांदाच जवळून पाहिलं आणि तिला ते एसटीपेक्षा लहान वाटलं. एवढ्याशा डबड्यात बसायला लोक लग्नाचे कपडे घालून का येतात हे काही तिला कळलं नाही.

गणवेशातला माणूस भला होता. पेटीवरचा मार्का वाचून हसला. म्हणाला, कुत्र्याला आत घाला, दार लावा, पंधरा मिनिटं शांत राहिला तर पाठवतो.

भुऱ्यानं चारी पाय रोवले. साहेबांनी ओढलं, वहिनींनी चुचकारलं. तेवढ्यात तिकडे विमानाचा पंखा घरघरायला लागला तसा तो धुरपदाबाईच्या साडीमागे जाऊन उभा राहिला. गणवेशवाल्यानं घड्याळात बघितलं.

"झालं," साहेब म्हणाले. "घ्या धुरपदाबाई, तुमचा कुत्रा."

तुमचा. हे ऐकायलाच ती आली होती. पिशवीत हात घालून तिनं दोरीचं टोक धरलं.

सायली रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, रडणारं पोर थोड्या वेळानं थांबतं. ती जवळ आली आणि तिनं गळपट्ट्याची साखळी धुरपदाबाईच्या हातात दिली.

"मावशी, फटाके वाजले की तो पलंगाखाली जातो. त्याला ओढून काढायचं नाही. आपणच खाली जाऊन बसायचं."

"मना घरमा पलंग नही वं माय."

सायलीनं यावर थोडा विचार केला. मग खाली बसली, कुत्र्याच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाली, "भुऱ्या, मजार जाय."

उच्चार चुकला होता. पण भुऱ्याचे दोन्ही कान ताठ झाले आणि धुरपदाबाईचा हात पिशवीतच राहिला. ही पोर चोकडीच्या दाराआड कधी येऊन उभी राहायची? कुत्र्यानं सायलीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मग मान वर करून धुरपदाबाईकडे पाहिलं. ही म्हणते ते खरं का?

आता नुसतं गप्प राहिलं की कुत्रा आपला. आठ दिवस जमलं होतं, अजून पाच मिनिटं जमायला हवं होतं. पण आठ दिवसांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं होतं.

"मझार जाय रे भुऱ्या," ती म्हणाली. "बठी जाय."

तो गेला. आत वळला, बसला आणि पुढच्या पायांवर तोंड ठेवलं. दार लागलं तरी हूं की चूं केलं नाही. साहेब बघतच राहिले. वहिनी कुत्र्याकडे बघत नव्हत्या, धुरपदाबाईकडे बघत होत्या. गेल्या आठ दिवसांतलं सगळं त्यांना त्या क्षणी कळलं असणार. पण त्या बोलल्या काही नाहीत, आणि याबद्दल धुरपदाबाई शेवटपर्यंत त्यांचं नाव चांगलंच घेत राहिली.

पंधरा मिनिटं होती, ती तिनं सायलीला शिकवण्यात घालवली. मजार नाही वं, मझार. 'खा' म्हटलं तर तो तुझ्या तोंडाकडे बघत बसेल, 'खाई ले' म्हण. रागावलीस तरी अहिराणीतच रागाव, नाहीतर त्याला वाटेल दुसऱ्याला बोलते आहे. मग विमान उडालं. दोरीची घडी पिशवीतच राहिली आणि बाई बसनं परत आली.

चौथ्या दिवशी कोसाडच्या नाक्यावर दत्तूच्या एसटीडी बूथमध्ये कलकत्त्याहून फोन आला. फ्लॅटच्या किल्लीचं काही लागलं तर असावा म्हणून वहिनींनी तो नंबर लिहून घेतला होता. दत्तूचा निरोप आला तशी बाई पिठाच्या हातानं धावली. तिला वाटलं विमान पडलं. विमान कधीच पोचलं होतं, कुत्राही पोचला होता, पण तीन दिवस अन्नाला तोंड लावत नव्हता. सायलीचं 'खाई ले' त्याला पटत नव्हतं. वहिनींनी विचारलं, तुम्ही सांगून बघता का? मी फोन त्याच्या कानाला लावते.

धुरपदाबाई जन्मात फोनवर बोलली नव्हती. मागे माणसं रांगेत उभी. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि कलकत्ता लांब आहे म्हणून मोठ्यानं म्हणाली, "भुऱ्या, खाई ले रे भाऊ. भुक्या ऱ्हाऊ नको."

तिनं रिसीव्हर कानावर घट्ट दाबला. मग तारेतून चपचप ऐकू आली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला फोन यायला लागला. धुरपदाबाई भुऱ्याला आठवड्याची सगळी हकीकत सांगायची. नळ चारला येतो. चेतन इच्छापोरला कंत्राटावर लागला. योगराजची बायको भाकरी जाड थापते. मधूनच भुऱ्या एकदा भुंकायचा, ते तिला बरं वाटायचं. घरी तर कुणी हुंकारही देत नव्हतं. बूथमध्ये एकदा कुणा उषाबाईनं विचारलं, "कलकत्त्याले पोर शे का तुमना?"

"शे एक."

"काय करस?"

"काही नही. बठी खास."

दोनेक वर्षांनी एका रविवारी सायलीच फोनवर होती. रिसीव्हर धरता धरता तिची अहिराणी चांगली सुधारली होती. तिनं कबूल केलं की भुऱ्या आता तिच्या सांगण्यानंही जेवतो, बरेच महिने झाले. मावशीला दर रविवारी नाक्यापर्यंत यायला लागतं, तर फोन बंद करायचा का?

"माले काय ईचारस?" धुरपदाबाई म्हणाली. "भुऱ्याले ईचार."

भुऱ्या भुंकला. तो विषय परत निघाला नाही.

नव्व्याण्णव साली, दिवाळीनंतर, एका बुधवारी दुपारी कामावरून येऊन जरा पडते म्हणून ती आडवी झाली ती उठली नाही. त्याआधीच्या रविवारी तिला तीन दिवसांचा खोकला होता. सुकदेव म्हणाला, आज बूथवर जाऊ नको, छातीला वारं लागेल. त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकून तिला हसू आलं. ती गेली. आत एक बाई बोलत होती, तिचं होईपर्यंत ओट्यावर बसली. दहाला घंटी वाजली. तिनं भुऱ्याला सांगितलं की नळ आता पाचला येतो, चेतनचं लग्न ठरलं, मुलगी नंदुरबारची आहे आणि घरात अहिराणी बोलते. हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं. मध्ये खोकला आला तेव्हा रिसीव्हर पदरात धरून खोकली, कुत्रा दचकू नये म्हणून. मग 'खाई ले' म्हणाली, चपचप थांबेपर्यंत कान लावून उभी राहिली, रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला, येत्या रविवारी येते असं दत्तूला सांगितलं आणि जाताना नाक्यावरून कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी गेली.