झेंडूचा हार घातलेली पेटी

दसऱ्याच्या सकाळी ग्रामपंचायतीत गेलो, तर शिपाई नामदेवकाका इंटरनेटच्या पेटीला झेंडूचा हार घालत होते. बसवल्यापासून ती एकदाही सुरू झालेली नाही.

"काका, बंद पेटीची कसली पूजा?"

"सगळ्या यंत्रांची करतो. हिला एकटीलाच कशी वगळू?" म्हणत त्यांनी कुंकू लावलं.

हिच्या केबलसाठी आम्ही उभ्या ज्वारीतून चर खणू दिला होता. उद्घाटनाला टाळ्या वाजवल्या, त्याही मनापासून. माझी भाची फिनलंडमध्ये, जंगलाच्या कडेला राहते. तिथे इंटरनेट हा कायद्यानं दिलेला हक्क आहे म्हणे. इथे माझ्या लेकीचा नर्सिंगचा फॉर्म टेकडीवर रेंज शोधता शोधता राहून गेला. तालुक्याला तक्रार करायला गेलो, तर तिथल्या साहेबांनी नकाशा दाखवला. त्यात आमचं गाव केव्हाच जोडलेलं होतं. नुसतं दिलं नसतं तर इतकं लागलं नसतं; दिलं असं लिहून ठेवलंय, ते सलतं.

पूजा आटोपली. काकांनी हारासकट पेटीचा फोटो काढला, कुलूप लावलं आणि टेकडीची वाट धरली. 'पेटी सुस्थितीत आहे' असं लिहून तो तालुक्याला पाठवायचा होता.