आबांच्या तोंडची तेलुगू

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. गिरणीत कारकुनी करणारा माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही हसाल. मीही हसलोच असतो... पण ते घडलं तेव्हा मी तिथेच होतो, आणि भर दुपार होती.

सोलापूर, भवानी पेठ. तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्षभर झालं असेल. माझे वडील, आबा, एके काळचे नामी घरफोडे. भिंत आबांनी फोडायची, आत यल्लप्पानं शिरायचं, अशी जोडी. यल्लप्पा मूळचा तेलुगू विणकर. बऱ्याच वर्षांपूर्वी मंगळवेढ्याकडच्या एका 'कामा'वरून आबा एकटेच परतले. जोडीदार कुठाय, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

त्याची बायको नरसव्वा दर आठवड्याला आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायची.

"कुकू ठिवू का पुसू, येवढंच सांगा की, आबा."

पूर्वी आबांना सांगायचं नव्हतं. आता म्हातारपणी आठवत नव्हतं. घर विसरून एकदा ते आमच्याच मागच्या भिंतीला पहार लावून बसले होते — हसावं की रडावं!

त्या दुपारी तिनं विचारलं आणि आबा ताठ बसले. घडाघडा तेलुगू बोलू लागले. पेठेत राहून चार शब्द कुणालाही येतात, मान्य. पण आबांना त्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. आणि आवाज त्यांचा नव्हता...

नरसव्वा पांढरीफटक पडली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हंत्यात, तू वहाणा हातमागाच्या खड्ड्यात दडिवल्यास, म्हनून अनवानी गेलो. दडिवल्या व्हत्या मी. जाऊ नये म्हनून. कुनालाच बोलले न्हाय."

आबा बोलतच होते.

"मंगळवेढ्याच्या वाटंला, पडक्या नाक्यामागं कोरडी हीर हाय म्हंत्यात. वरनं दगडं टाकली, तवा जित्ता व्हतो म्हंत्यात."

"कुणी टाकली?"

ती आबांकडे बघत राहिली. मग पदरानं कुंकू पुसलं.

विहिरीत हाडं सापडली. फौजदार घरी आले. आबांनी हात जोडले — "कोन यल्लप्पा, सायेब?" ढोंग नव्हतं ते; फौजदारही रिकाम्या हातानं परतले.

डॉक्टर म्हणाले, वातात बरळले असतील. वातात माणूस न येणारी भाषा बोलतो? मला आजही उलगडा झालेला नाही. खरं सांगू, भीती त्याची वाटत नाही; त्यानंतर जे पाहिलं त्याची वाटते.

दिवसकार्य उरकल्यावर नरसव्वा पुन्हा एकदा आली, सवयीनं असेल. आबा तिच्या कपाळाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी, मालक कवा गेला गं तुजा?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"आत्ताच, आबा," ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोरच रडायला लागली.