आईचा गोड आवाज

बाबा पुण्याहून सिंगापुरात सेंगकांगला आमच्या घरी राहायला म्हणून आले आणि न्यूमोनिया होऊन थेट आयसीयूत जाऊन पडले. ताप उतरू लागला, पण माणूस भलतीकडेच गेला. आपण स्वारगेटच्या एसटी स्टँडवर आहोत असं त्यांना वाटत होतं. बस सुटत नाही म्हणून चिडून ते सलाइनची नळी ओढायचे. आईकडे बघून त्यांनी विचारलं, ‘‘बाई, तुम्ही कुठे उतरणार?’’

आईचा चेहरा बघवेना. एवढ्या वर्षांचा संसार, आणि बाई!

डॉक्टर म्हणाले, याला डिलिरियम म्हणतात. मोठ्या आजारात मेंदू असा भरकटतो, बहुतेकांचा परत ताळ्यावर येतो. तो ‘बहुतेकांचा’ मला अजिबात आवडला नाही.

आमची आई वस्तू सांभाळण्यात पटाईत. दाखल केलं त्याच दिवशी तिने बाबांचा चष्मा आणि कानाचं यंत्र स्टीलच्या डबीत घालून घरी आणलं होतं. परक्या ठिकाणी हरवायला नको! शिवाय आजारी माणसाचं मन मोडायचं नाही म्हणून ती त्यांच्या प्रत्येक बोलण्याला ‘हो हो’ करत होती. ‘‘हो हो, येईल हं बस.’’ इतकं गोड ती बाबांशी जन्मात बोलली नव्हती.

सकाळच्या नर्सने पडदे सारून उजेड आत घेतला आणि चष्म्याची, यंत्राची चौकशी केली. मी धावत जाऊन डबी आणली. दोन्ही लावून झाल्यावर ती आईला इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘‘आंटी, हो हो नको लाह. ते कुठे आहेत ते सांगा. घरी बोलता तसंच बोला.’’ मी ते मराठीत सांगितलं.

आईला तेवढंच हवं होतं. ‘‘अहो, कसली बस? हे सिंगापूर आहे. हॉस्पिटलात आहात तुम्ही. आणि ती नळी ओढाल तर बघा!’’

बाबा दचकले. ‘‘ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला.’’

मला हसू आणि रडू एकदमच आलं. दुपारी ते पुन्हा भरकटले. पण आई कंबर कसून बसली होती. ते स्टँडवर गेले की ही त्यांना दटावून परत आणायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘‘तोंड का सुकलंय तुझं? जेवली नाहीस ना?’’

‘‘हो हो, जेवले,’’ आई म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.