करार होईपर्यंतची केतकी

केतकी आरतीलाही फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, चेंडू बगलेत घेऊन उभी राहायची. एका हाताने टाळ्या वाजवता येत नाहीत म्हणून मांडीवर थाप मारायची. तिची आई, अंजली, डोळे वटारून म्हणायची, "बाप्पासमोर तरी ठेव तो!" त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "आई, बाप्पा इज फाइन विथ इट."

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या या कालगुर्लीत आम्ही मराठी माणसं मोजकीच. तिचे वडील विनायक सोन्याच्या खाणीत इंजिनिअर, मी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. माझा मुलगा सिडनीला, टूनगॅबीत स्थिरावलेला; त्यामुळे शेजारची ही मुलगी हळूहळू माझ्याच घरात जास्त दिसू लागली. तिचं मराठी पुण्याचं, पण लिंगांचा आनंदीआनंद. "मावशी, माझी बूट कुठे गेली?" असं ओरडत यायची आणि फ्रिज उघडून कालची आमटी थंडच प्यायची. त्या लंबगोल चेंडूचं एवढं काय वेड, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "तो सरळ उडत नाही ना, मावशी. खाली पडला की कुठे जाईल ते त्याला पण माहीत नसतं. दॅट्स द होल पॉइंट."

बायकांच्या मोठ्या लीगमध्ये मेलबर्नच्या एका क्लबने ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, तिला निवडलं, तेव्हा विनायकने खाणीतल्या सगळ्यांना पेढे वाटले. दगडांचे नमुने तपासणाऱ्या लॅबमधली नोकरी तिने सोडली. निरोपाचा केक कापून झाला, बॅगा भरून झाल्या. आणि सगळं तिथेच थांबलं.

खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात पगारावरून वाद पेटला होता. मुलींना पैसे वर्षातल्या काही महिन्यांचेच मिळत. उरलेल्या दिवसांत कुणी शाळेत शिकवायची, कुणी कॅफेत राबायची. हे बदला, असं त्यांचं म्हणणं होतं. तडजोड होईपर्यंत कुणीही करारावर सही करायची नाही, सरावालाही जायचं नाही, असं ठरलं. जुन्यांना निदान बोलायला संघटना तरी होती. नव्याने निवडलेल्या मुलींना करार नाही म्हणून सभासदत्व नाही, आणि सभासदत्व नाही म्हणून मतही नाही. "साखरपुडा झाला आणि मुहूर्तच निघेना," अंजली म्हणायची. केतकीचं म्हणणं, "मला निवडलंय, पण घेतलं नाहीये."

लॅबमधली जागा भरली गेली होती. ती सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर माल लावायला जाऊ लागली. आणि रोज आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, माझी शिफ्ट संपली की मला ओव्हलवर, गावातल्या मैदानावर, नेऊ लागली. "मावशी, तू फक्त उभी राहा. बॉल आला की परत दे. नो वरीज." पंजाबी ड्रेस आणि पांढरे कॅनव्हास शूज अशा थाटात मी त्या वाळलेल्या गवतावर चेंडूमागे धावत असे. सुरुवातीला तो माझ्या गुडघ्यावर, खांद्यावर, एकदा तर नाकावर आपटला. मग यायला लागला हातात. पहिल्यांदा मी तो छातीशी नीट धरला, तेव्हा ती मैदानाच्या पलीकडून दोन्ही हात वर करून धावत आली आणि मला उचललंच. इतकी मी आधी कधी हसले होते, आठवत नाही.

एके दिवशी क्लबमधून फोन आला. नव्या मुलींनी यावं, गुपचूप सराव सुरू करावा, राहायची सोय करू. जुन्या येतील तेव्हा येतील. विनायक लगेच तिकीट बघायला बसला. "अशी संधी परत येत नाही, बाळा." ती चेंडू घेऊन माझ्याकडे आली.

"तू गेली असतीस का, मावशी?"

"गेले असते," मी म्हणाले. तसंच वाटत होतं मला.

ती चेंडू या हातातून त्या हातात करत राहिली. "पण त्या बाहेर थांबल्यात ना. मी आत्ता आत गेले, तर उद्या त्यांच्या शेजारी बसून बूट कशी बांधू?"

ती गेली नाही. विनायक तिच्याशी काही दिवस बोलला नाही. दोन-तीन नव्या मुली गेल्या. त्यांचे फोटो बघून ती फोन उशीखाली सारायची.

मग समझोता झाला. पगार थोडा वाढला, महिनेही वाढले. दुसऱ्याच दिवशी विमान होतं. एअरपोर्टवर अंजली रडली, विनायकने केतकीच्या डोक्यावर हात ठेवला. मी चकल्यांचा डबा दिला आणि घाईघाईने गाडीकडे वळले. तो वाद मिटावा म्हणून केतकी रोज देव पाण्यात घालून बसली होती. मला मात्र कधीच तशी घाई नव्हती.

सरावाला दिवस कमी मिळाले. शरीर तयार व्हायच्या आत सामने सुरू झाले आणि तिसऱ्याच सामन्यात तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. पुढच्या वर्षी क्लबने तिला ठेवलं नाही. मेलबर्नमधलं घर रिकामं करताना मदतीला आल्या त्या त्याच जुन्या मुली. त्यांच्यातल्याच एकीकडे ती राहते आता, शाळेत पीई, म्हणजे शारीरिक शिक्षण, शिकवते. विनायक-अंजली पर्थला गेले. इथे यायला तिला कारण उरलं नाही.

परवा दुपारी तिचा फोन आला. बोलता बोलता मी विचारलं, "तेव्हा गेली असतीस तर गुडघा वाचला असता का गं?"

"कदाचित. रोज वाटतं मला ते." मग म्हणाली, "पण परत विचारलं तरी नाहीच म्हणेन."

तिच्याकडे ट्रामची घंटा वाजली. तेवढ्यात इकडे खाणीत रोजचा सुरुंग उडाला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या थरथरल्या.

"ऐकलं," ती हळूच म्हणाली. "मावशी, फोन ठेवू नकोस. तो अजून एक उडेल ना?"

मी खिडकी उघडली आणि फोन बाहेर धरून उभी राहिले.