काचेच्या पोटातला ठिपका

काचेच्या शेवटच्या तुकड्यात लेसरने काही उमटेना, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीचा, सायलीचा हात सवयीने लेसरची पॉवर वाढवायला गेला. आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांचीच ही खोड. मी म्हटलं, "थांब. आधीचा तुकडा असाच तडकला. लेन्स सरकव."

"सर, लेन्स सरकवून जोर थोडाच वाढणार?" असं पुटपुटत तिने लेन्स केसभर पुढे घेतली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर, काचेच्या ऐन पोटात, एक बारीक ठिपका उमटला.

मला हे दृश्य कधीच शिळं होत नाही. या लेसरचा एक स्पंद, म्हणजे प्रकाशाचा एक ठोका, इतका क्षणिक, की पापणीचं लवणंही त्याच्यापुढे युगासारखं वाटावं. वेळेत असा आवळलेला प्रकाश लेन्स जागेतही आवळते, एका बिंदूत आणते. वाटेतल्या काचेला तो धक्काही लावत नाही. जे करायचं ते त्या बिंदूतच करतो.

तो ठिपका बघताना मला आत्या आठवते. मी बी.एस्सी.ला नापास झालो तेव्हा घर दणाणून सोडणारे पुष्कळ होते. त्यांचा एक शब्द आज आठवत नाही. आत्याने मात्र चहाचा कप पुढे सरकवत हळूच विचारलं होतं, "मग, पुन्हा कधी बसतोस परीक्षेला?"

सायलीने काच काढून तिच्यावरून बोट फिरवलं. "वरून तर काहीच लागत नाही हो, सर."

"नाहीच लागणार," मी म्हणालो. "ते आत पोहोचलंय."